पडलेल्या ओंडक्यावरची वस्ती

या पुस्तकाची मुद्रितं घरी येऊन पडली त्या आठवड्यात आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी ती चाळली, आणि प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला: "सर, यातली खायची कुठली?" शेजारच्या वकीलसाहेबांनी विचारला, दूधवाल्याने विचारला, आणि चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्राच्या मास्तराबरोबर संसार केलेल्या आमच्या सौभाग्यवतींनीही विचारला. मी प्रत्येकाला खरं ते सांगितलं. या पुस्तकातल्या बहुतेक अळंब्यांची भाजी होत नाही. काही कातड्यासारख्या चिवट, काही लाकडापेक्षा टणक, काही नखाएवढ्या, आणि काही अशा की पैज लावली तरी मी त्यांचा घास घेणार नाही. हे ऐकलं की मंडळी पुस्तक मिटून चहाकडे वळत.

त्यांचं फारसं चुकत नाही. आपल्याकडे माणसाचं अळंबीशी नातं ताटातूनच जुळलेलं आहे. वारुळावर येणाऱ्या अळंबीला गोव्यात रोण अळमी म्हणतात, विदर्भात सात्या. पावसाळ्यात गोव्याच्या रस्त्याकडेला ती पानात बांधून, मोजून विकतात. भाव ऐकून माणूस दोन पावलं मागे सरतो आणि तरीही घेतो. जी ताटात येते तिला नाव आहे, गाव आहे, हंगाम आहे. उरलेल्या सगळ्यांना मिळून आपण एकच शब्द ठेवला आहे, कुत्र्याची छत्री. आणि ज्या कामासाठी या छत्र्या उगवतात त्या कामाला तर भाषेत शिव्याच आहेत. बुरसटलेले विचार, सडकं डोकं, कुजकं बोलणं. कुजणं या क्रियापदाला मराठीत मान मिळतो तो फक्त शेणखताच्या खड्ड्यापाशी.

हे पुस्तक कुत्र्याच्या छत्र्यांबद्दल आहे, त्यातही लाकडावर उगवणाऱ्या. लेखिका माझी विद्यार्थिनी. अकरा पावसाळे ती सह्याद्रीत, आंबोलीपासून भीमाशंकरपर्यंत, पडलेल्या झाडांपुढे गुडघे टेकून बसली. जळवा काढत, कॅमेऱ्याच्या काचेवरचं धुकं पुसत तिने हे काम केलं. "सर, प्रस्तावना तुम्हीच लिहायची" असं ती फोनवर म्हणाली तेव्हा मी होकार दिला, पण एका अटीवर: जिथे पटणार नाही तिथे तसं लिहीन. ती म्हणाली, "वर्गातही तेच करत होतात."

तर मंडळींचा प्रश्न मी उलटा करून घेतो. यातली खायची कुठली हे बाजूला ठेवू. या काय खातात?

लाकूड खाणं सोपं नाही. गाय कडबा खाते तोही पोटातल्या असंख्य सूक्ष्मजीवांच्या जिवावर, आणि लाकडाला ती तोंड लावत नाही. लाकडाचा निम्म्याच्या आसपास भाग सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज म्हणजे साखरेच्याच कणांची लांब साखळी. ती तोडता आली की अन्न समोर आहे. पण या साखळ्यांभोवती लिग्निन नावाचं द्रव्य थापलेलं असतं, लाकडाच्या वजनाच्या साधारण 20 ते 30 टक्के. भिंतीत लोखंडी सळया असाव्यात आणि त्यांच्याभोवती सिमेंट असावं, तसं. लिग्निनमुळे झाड ताठ उभं राहतं, लिग्निनमुळे ते पाणी वर चढवू शकतं, आणि लिग्निनमुळेच ते सहजासहजी कुणाच्या पोटात जात नाही. त्याची रचना इतकी अस्ताव्यस्त असते की कुलपाला नेमकी किल्ली बसावी तसं कुठलंही विकर (एन्झाइम) त्याला बसत नाही.

कवकांनी, म्हणजे या बुरशीवर्गीय जिवांनी, यावर दोन तोडगे काढले. पहिला तोडगा सिमेंटच फोडायचा. या कवकांची विकरं लिग्निनला जाळतात असं म्हटलं तरी चालेल. ज्वाला नसते, पण रसायनशास्त्र जळण्याच्या जवळचं असतं. या कामातलं लिग्निन पेरॉक्सिडेज हे विकर 1983 मध्ये सापडलं, म्हणजे माझी नोकरी लागून बरीच वर्षं झाल्यावर. तोवर मी वर्गात हा भाग हात हलवून पुढे ढकलत असे. लिग्निन गेलं की मागे फिकट, तंतूतंतू झालेलं, दाबलं तर पाणी सुटणारं लाकूड उरतं. या कुजण्याला पांढरी कूज म्हणतात. दुसरा तोडगा चतुर आहे. या कवकांनी सिमेंटला जवळजवळ हात न लावता आतल्या सळयाच काढून नेल्या. मग उरतं ते तपकिरी, वाळल्यावर चौकोनी भेगा पडणारं, बोटांत चुरलं की नाकात ओढायच्या तपकिरीसारखी पूड होणारं लाकूड. ही तपकिरी कूज. हिमालयातल्या देवदार-चीडच्या जंगलात ती मुबलक दिसते. आपल्या सह्याद्रीतल्या रुंद पानांच्या झाडांवर बहुतांशी पांढऱ्या कुजीचं राज्य. जंगलात गेलात की एक कुजका तुकडा हातात घेऊन मोडून पाहा. एवढ्या एका गोष्टीसाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही.

इथे लेखिकेशी माझा पहिला वाद. तिने दुसऱ्या प्रकरणात कोळशाची गोष्ट सांगितली आहे: लिग्निन पचवणारी कवकं जन्मालाच आली नव्हती म्हणून प्राचीन झाडं न कुजता साठत गेली, त्यांचा दगडी कोळसा झाला, आणि पांढरी कूज आल्यावर कोळसा बनायचा थांबला. गोष्ट देखणी आहे. 2012 मध्ये 31 कवकांच्या जनुकसंचांची तुलना झाली, तेव्हा पांढऱ्या कुजीचा उगम 29-30 कोटी वर्षांपूर्वीचा निघाला आणि या गोष्टीला बळ मिळालं. पण 2016 मध्ये भूशास्त्राच्या बाजूने तिला चांगलाच धक्का बसला. तेव्हाच्या कित्येक कोळसा बनवणाऱ्या वनस्पतींत लिग्निन कमीच होतं, आणि कोळसा साठायला दलदल आणि खचत जाणारी जमीन पुरेशी होती, असं त्या अभ्यासकांनी दाखवलं. मी म्हटलं, काढून टाक. तिने ठेवली, पण खाली तळटीप दिली. वाचकाने तळटीप आधी वाचावी.

लाकडात आणखी एक वाण असते, नत्राची. साखर हवी तेवढी, पण प्रथिनं बनवायला लागणारं नत्र नावाला. डाळीचा कण नसलेलं नुसतं भाताचं ताट म्हणा. यावर धिंगरी अळंबीने जो उपाय शोधला तो वाचून शाकाहारी वाचक जरा दचकतील. धिंगरीच्या तंतूंवर विषाचे बारीक थेंब असतात. लाकडातून वळवळत जाणारा सूत्रकृमी त्यांना लागला की लुळा पडतो, आणि तंतू त्याच्या तोंडातून आत शिरून त्याला पचवतात. हे 1984 मध्ये प्रसिद्ध झालं. आज आपल्याकडे घरोघरी, बचतगटांत, पिशव्यांत भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड भरून जी धिंगरी पिकवतात, जिचं प्रशिक्षण पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही मिळतं, ती हीच. मूळची लाकडावरची, हाताशी आलं तर मांसाहारी. (आमच्या घरी ही माहिती मी अजून सांगितलेली नाही.)

आणि रोण अळमी, सात्या? त्यांना आपण लाकडाच्या वस्तीतून उगाच वगळतो. वाळवी सुकं लाकूड, काड, पाला चावून वारुळात नेते आणि आपल्या विष्ठेचे पोळ्यासारखे गड्डे रचते. त्या गड्ड्यांवर ती जे कवक पोसते, त्याचीच फळं म्हणजे या अळंब्या. वाळवीला न पचणारा भाग कवक मऊ करून देतं आणि वाळवी ते खाते. निदान तीन कोटी वर्षं हा संसार चालू आहे. म्हणजे आपण मिटक्या मारत खातो ती अळंबीही कुजणाऱ्या लाकडावरचीच आहे. फक्त ते लाकूड वाळवीच्या पोटातून फिरून आलेलं असतं.

मी 'फळं' म्हटलं ते मुद्दाम. ओंडक्यावर जी छत्री, कान, पेला किंवा फळी दिसते ते नुसतं फळ. झाड आत असतं, केसापेक्षा बारीक तंतूंचं, लाकडाच्या नसानसांतून पसरलेलं. फळ पुष्कळदा चार दिवसांत विरघळून जातं, आतलं कवक वर्षानुवर्षं नांदतं. अमेरिकेत ओरेगनमधल्या मॅल्ह्युअर जंगलात झाडांची मुळं कुजवणारं एकच कवक जवळजवळ साडेनऊ चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. फळ मात्र मधाच्या रंगाचं, मूठभर. आणि ही मंडळी वनस्पतीही नाहीत. हरितद्रव्य नाही, पेशीभित्ती कायटिनची, म्हणजे कुर्लीच्या कवचात असतं त्या द्रव्याची. नात्याने ती झाडांपेक्षा आपल्याला जवळची. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्राच्या खात्यात बसून कवकं शिकवली. खातं चुकीचं होतं, पण पगार वेळेवर मिळाला.

पुस्तकाचा गाभा म्हणजे मधली दीडशे पानं, एकेका जातीचं चित्र आणि वर्णन. सगळ्यांबद्दल लिहायला बसलो तर प्रस्तावनाच पुस्तकाएवढी होईल, म्हणून माझ्या आवडीच्या दोन-तीनच सांगतो.

पहिली, शास्त्रीय नाव शायझोफिलम कम्यून. ही तुम्ही पाहिलेली आहे, फक्त तुम्हाला ठाऊक नाही. आंब्याचा कापून ठेवलेला ओंडका, कुंपणाचा जुना वासा, सरपणाच्या ढिगातली फांदी, कुठेही. पांढरट, लोकरीसारखी, पंख्याच्या आकाराची, बोटाच्या पेराएवढी. खालच्या बाजूचे कल्ले उभे चिरलेले असतात. ऊन पडलं की प्रत्येक कल्ल्याच्या दोन्ही पाकळ्या आत वळतात आणि बीजाणूंचा थर झाकून घेतात. सर आली की पुन्हा उघडतात. सुकून कोळ झालेला तुकडा वाटीभर पाण्यात टाका आणि थोड्या वेळाने भिंग घेऊन बसा. हिच्यात नर-मादी अशा दोन जाती नाहीत. वीस हजारांहून अधिक लिंगप्रकार आहेत, आणि आपल्याहून वेगळ्या जवळपास कुणाशीही जमतं. पत्रिका जुळवणाऱ्यांनी इकडे फिरकू नये. महाराष्ट्रात हिला कुणी विचारत नाही, पण मणिपुरात ही कांगलायेन या नावाने बाजारात विकली जाते आणि आवडीने खाल्ली जाते. म्हणजे कुत्र्याची छत्री कुठली हे कुत्रा ठरवत नाही, मुलूख ठरवतो.

दुसरी, सायॅथस. कुजक्या काटकीवर पाच-दहा मिलिमीटर रुंदीचे पेले, आणि पेल्यात मसुरीच्या दाण्यांसारख्या चपट्या गोळ्या. पाखराच्या घरट्यातली अंडीच जणू. या गोळ्यांत बीजाणू असतात. पेल्याचा उतार असा की टपोरा थेंब आत पडला तर उसळून गोळी मीटभर लांब फेकली जाते. गोळीला मागे चिकट दोरी असते, ती वाटेतल्या गवताच्या पात्याला गुंडाळते. लेखिकेने हा उडणारा थेंब टिपायला तीन पावसाळे घातले, आणि सत्याऐंशीव्या पानावरचं चित्र पाहिल्यावर ते सत्कारणी लागले असं मला वाटतं.

आता दुसरा वाद, नावांचा. मराठी नावं नसल्यामुळे लेखिकेने ती स्वतः घडवली आहेत. ओल्या काटक्यांवर उभी राहणारी, पिवळसर देठाची, तपकिरी वलयांची एक इवली जात सह्याद्रीत जागोजाग दिसते, मायक्रोपोरस झँथोपस. तिला तिने 'नरसाळी' म्हटलं आहे. फार छान; पाहताक्षणी कळतं. पिक्नोपोरसच्या भडक केशरी-लाल फळीला 'शेंदरी' म्हटलं आहे, तेही चालेल. पण शायझोफिलमला 'विदीर्णपर्णिका'? ग्रीक नावाचं ओझं उतरवून संस्कृतचं चढवायचं, यात वाचकाचा खांदा काही मोकळा होत नाही. मी 'चिरपंखी' सुचवलं होतं. ज्याला जे रुचेल ते त्याने म्हणावं. टिकेल ते गुराख्यांच्या तोंडी बसेल तेव्हा.

गुराख्यांना, वैदूंना नावं ठाऊक नव्हती असं मात्र नाही. कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर लाकडासारखी टणक, गव्हाळ-तपकिरी फळी येते. तिला फणसांबा म्हणतात. तान्ह्या मुलाच्या तोंडातून फार लाळ गळत असेल तर फणसांबा सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायची जुनी रीत आहे; जुलाबावरही देत. पुण्यातले कवकतज्ज्ञ जे. जी. वैद्य आणि ए. एस. राब्बा यांनी 1993 मध्ये 'मायकॉलॉजिस्ट' या नियतकालिकात अशा लोकौषधांची नोंद केली. माझ्या लहानपणी आमच्या आजीच्या बटव्यात जायफळ, मायफळ, वेखंड यांच्या शेजारी हा तुकडा असे, आणि तो झाडावरचा आहे की दगडाचा याबद्दल आम्हा मुलांत पैजा लागत. आजकाल तशाच टणक फळीच्या गॅनोडर्मा या दुसऱ्या कवकाच्या कॉफीचे आणि गोळ्यांचे डबे मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर म्हणून विकले जातात. त्यांच्याबद्दल लेखिकेने एक शब्द लिहिलेला नाही, हे मला फार आवडलं.

खाण्याबद्दल एकदाच सांगतो. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण निळा पडतो का, किड्यांनी कुरतडली आहे का, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. लाकडावरच्या अळंब्या सुरक्षित असतात हा समजही खोटा. थंड प्रदेशात लाकडावर उगवणाऱ्या गॅलेरिना या चिमुकल्या अळंबीत यकृत निकामी करणारं तेच विष असतं जे जगातल्या सर्वांत कुप्रसिद्ध विषारी अळंबीत असतं. आणि पिढ्यान्‌पिढ्या खात आलो, हाही दाखला पुरेसा नाही. जपानात 'सुगी' नावाच्या झाडांच्या खुंटांवर येणारी एक पांढरीशुभ्र अळंबी लोक वर्षानुवर्षं खात होते. 2004 च्या शरद ऋतूत तिच्यामुळे 17 माणसं दगावली. बळी पडलेल्यांत मूत्रपिंडाचे रुग्ण बरेच होते. या पुस्तकातलं चित्र जुळलं म्हणून कुणी कढई चढवू नये. हे पुस्तक त्यासाठी नाही.

मग कशासाठी? मला विचाराल तर एका रात्रीसाठी. पन्नासेक वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थी भीमाशंकरला गेलो होतो, आषाढात. रात्री कंदील विझला आणि दोन-तीन मिनिटांत, डोळे अंधाराला सरावल्यावर, पायाखालचं जंगल उजळलं. उजळलं हा शब्द जरा मोठा झाला. जमिनीवरच्या काटक्या, पानांच्या शिरा, एका पडक्या खोडाची अख्खी बाजू, सगळं फिकट, हिरवट, चांदण्याच्या सांडलेल्या दुधासारखं. बरोबर गावातले एक महादेव कोळी आजोबा होते. त्यांना त्याचं काही नवल नव्हतं. मी एक चमकती काटकी उचलून वर्तमानपत्रात गुंडाळली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नेऊ नका बाळा, घरी दिसायची नाही." मी नेली. दुसऱ्या रात्री पुण्याच्या खोलीत दिवे मालवून चार मित्रांना गोळा केलं, कागद उघडला. काळी काटकी. मित्र अजून ती आठवण काढतात.

आजोबांना कारण ठाऊक असेल-नसेल, निष्कर्ष पक्का होता. हा उजेड लाकडात जिवंत असलेल्या तंतूंचा. तिथे तो बहुधा मायसीना प्रजातीतल्या कवकांचा मानतात. काजव्याप्रमाणेच ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज यांच्या जोडीतून तो निघतो, पण काजव्याचं ल्युसिफेरिन वेगळं, यांचं वेगळं. ओल आणि हवा दोन्ही असेल तोवरच दिवा जळतो. काटकी वाळली, दिवा विझला. तेव्हा आम्ही चौघं होतो. आता पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी आहुपे, भीमाशंकरकडे 'चमकणारं जंगल' पाहायला गाड्यांच्या रांगा लागतात. येणाऱ्यांना एक सांगायला हवं: मोबाइलवर फिरणारी ती गडद हिरवी छायाचित्रं कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवून काढलेली असतात. डोळ्यांना दिसतं ते फार मंद. तो मंदपणा पाहायला विजेरी बंद करून गप्प बसावं लागतं, आणि दोनशे माणसांच्या घोळक्यात तेवढंच होत नाही. लेखिकेने या प्रकरणात ठिकाणांचे नकाशे द्यायचं टाळलं आहे. वाचक रागावतील, रागावू द्यावं.

जंगलात जे काम आपण कौतुकाने पाहतो तेच घराच्या आढ्याला लागलं की तोंडचं पाणी पळतं. पण आपल्या जुन्या गवंड्या-सुतारांना या शत्रूची चाल ठाऊक होती, सूक्ष्मदर्शक न बघता. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली ठेवला तर कूज लागतच नाही, हे आता पुस्तकात असतं. वाड्यात मात्र ते तळखड्यात होतं. लाकडी खांब जमिनीत न रोवता घडीव दगडाच्या तळखड्यावर उभा करायचा, म्हणजे जोत्याची ओल खांबात चढत नाही. कौलांचा पाखा भिंतीपुढे हातभर काढायचा तोही त्याचसाठी. उलट कायम पाण्याखाली बुडालेलं लाकूडही टिकतं, कारण तिथे कवकांना श्वास मिळत नाही; व्हेनिस शहर शतकानुशतकं तशाच खांबांवर उभं आहे. ओल आणि वारा दोन्ही जिथे भेटतात, म्हणजे जमिनीलगत, कौल फुटलं तिथे, मोरीच्या चौकटीत, घात तिथेच होतो.

याची मुंबईशी जोडलेली एक गोष्ट पुस्तकात नाही, ती इथे सांगून टाकतो. इंग्लंडच्या आरमाराने 1810 मध्ये 'क्वीन शार्लट' नावाची भलीथोरली युद्धनौका पाण्यात उतरवली. नीट न वाळलेल्या लाकडाची ती नौका समुद्रावर जायच्या आधीच कवकांनी इतकी पोखरली की तिची प्रचंड दुरुस्ती करावी लागली. त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे पारशी कारागीर सागाची जहाजं बांधत होते. सागाच्या गाभ्यात कवकांना न मानवणारी द्रव्यं असतात. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली बांधलेली 'ट्रिंकोमाली' 1817 मध्ये पाण्यात उतरली, आणि ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. युरोपातल्या घरांची तुळयांसकट माती करणारं जे कुप्रसिद्ध कवक, सर्प्युला लॅक्रिमन्स, त्याचं रानातलं माहेर मात्र आपल्याकडे, हिमालयात. नारकंड्याच्या जंगलात पडलेल्या खोडांवर ते सापडतं. साग इथला, आणि घरं पोखरणारं कवकही इथलंच. कोणी कोणाला काय निर्यात केलं, याचा हिशोब वाचकाने करावा.

आता मला जे खरं म्हणायचं आहे ते. आपल्या वनखात्यापासून फार्महाउसवाल्यांपर्यंत सगळ्यांना स्वच्छ जंगल हवं असतं. पडलेलं झाड म्हणजे वाया चाललेलं लाकूड, वाळकं झाड म्हणजे धोका, ढोली म्हणजे रोग. उचला, तोडा, विका, जाळा. सह्याद्रीतला धनेश ढोलीत अंडी घालतो. मादी आत बसते, दार चिखल-विष्ठेने लिंपून चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि नर बाहेरून आठवडेच्या आठवडे फळं भरवतो. हे सगळे सांगतात. पण धनेशाला ढोली कोरता येत नाही, हे फार थोडे सांगतात. जिवंत, उंच, जुन्या झाडाची फांदी मोडते, त्या जखमेतून कवक गाभ्यात शिरतं, वर्षानुवर्षं आतून पोखरतं, आणि बाहेरचं लाकूड धडधाकट राहून आत खोली तयार होते. म्हणजे कवक आधी, धनेश नंतर. 'रोगट' झाडं काढून टाकलेल्या जंगलात धनेशाच्या संवर्धनाचा फलक लावणं हा विनोद आहे.

याला आपल्याकडे एक अपवाद होता, देवराई. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा अनेक ठिकाणी पडलेली वाळकी काटकीही उचलायची नाही असा दंडक चालू होता. देवाचं लाकूड, घरात नेलं तर कोप होईल. या धाकापोटी शे-दोनशे वर्षांचे ओंडके जागच्या जागी कुजत राहिले. लेखिकेच्या दुर्मिळ चित्रांपैकी निम्म्याहून अधिक देवरायांतली आहेत, यात योगायोग नाही. आता देवळांचा जीर्णोद्धार होतो, सिमेंटचा सभामंडप येतो, फरशी बसते, परिसर 'सुशोभित' होतो. कोप करणारा देव तोच असतो. ओंडके गेलेले असतात.

शहरात उलटी गंमत. गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष पावसात कोसळतो, बुंध्यापाशी गॅनोडर्माची तकतकीत फळी दिसते, आणि दोष तिच्यावर जातो. फळी दिसणं ही धोक्याची खरी खूण आहे, ती पाहून तज्ज्ञाला बोलवावंच. पण आत शिरायची वाट कुणी करून दिली? केबलसाठी मुळं तोडली कुणी, बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं कुणी, पाटीसाठी खिळे ठोकले कुणी?

पुण्याला या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचं कवकांचं संग्रहालय आहे, कवकांची राष्ट्रीय जिवंत संग्रहशाळाही तिथेच. ए. व्ही. साठे आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये नैऋत्य भारतातल्या अळंब्यांवर ग्रंथ लिहिला. पण तो इंग्रजीत, आणि आमच्यासारख्यांच्या कपाटात. मराठीत, खिशात मावेल असं, पावसात नेता येईल असं काही नव्हतं. या पुस्तकाची जागा ती.

उणिवा आहेत. विदर्भातली सागवानी जंगलं जवळजवळ नाहीत. मेळघाटात लेखिका एकदाच गेली आणि त्या वर्षी पाऊस रुसला. बीजाणूंची मापं काही जातींची दिलेली नाहीत. 'विदीर्णपर्णिका' आहे. यातलं पहिलं आणि दुसरं पुढच्या आवृत्तीत सुधारेल.

वाचकांना विनंती एकच. पाऊस चांगला आठवडाभर झाला की पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेर पडा. ओंडका दिसला की बसा. खालची बाजू पाहायची असेल तर दोन्ही हातांनी सावकाश उलटा, विंचू-सापाकडे लक्ष ठेवून. पाहून झालं की तो होता त्याच जागी, होता त्याच बाजूवर परत ठेवा. खाली कुणीतरी राहतं.